प्रति: खड्डे ओळखायला सेकंदाला एक नोंद पुरेल?

चालत्या गाडीत फोनच्या सेन्सरने रस्त्यावरचे खड्डे ओळखायच्या चर्चेत कुणी सुचवलं: 'बॅटरी वाचवायला ॲक्सेलरोमीटरचीही (त्वरण, म्हणजे वेगातला बदल मोजणारा फोनमधला सेन्सर) सेकंदाला एकच नोंद घ्या.' हे जीपीएसच्या वेगापुरतं ठीक, खड्ड्यांसाठी अजिबात नाही. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. अर्धा मीटर लांबीचा खड्डा चाक ०.०५ सेकंदात ओलांडतं. ५० हर्ट्झलाही (सेकंदाला ५० नोंदी) तेवढ्यात दोन-तीनच नोंदी मिळतात, त्यामुळे मी १०० हर्ट्झच धरेन.

दुसरं, फोन खिशात तिरका असतो हे या चर्चेत कुणीच मांडलं नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. गाडी थांबलेली असताना काही सेकंदांची सरासरी घ्या: ९.८ मी/से² ज्या दिशेला दिसेल ती उभी अक्षरेषा. पुढची दिशा जीपीएसवर वेग सरळ रस्त्यावर घटतो तेव्हाच्या त्वरणावरून काढा. हे केलं नाही तर जोरात दाबलेला ब्रेकसुद्धा खड्डा म्हणून नोंदला जातो. फोन हलवला की हे सगळं पुन्हा करावं लागतं.