कुमारकथा: वेढ्यातल्या गावातला मुलगा पुस्तक नेमकं कसं वाचेल?

शनिवारपेठी
दिवाळी अंकासाठी कुमारकथा लिहितोय, तीनेक हजार शब्दांची. स्थळ सीरियातलं दारय्या, सरकारी फौजांनी वेढलेलं गाव, काळ 2014. नऊ वर्षांचा मुलगा तळघरातल्या ग्रंथालयात रमतो. मदतीच्या ट्रकमधून पुस्तकं येतात, तो मेणबत्तीच्या उजेडात जाडजूड कादंबरी संपवतो आणि बॉम्बचे आवाज विसरतो. संपादक म्हणतात, "खोटं वाटतंय." नेमकं कुठे, ते जाणकारांनी सांगावं.

कासारवाडी
आधी ट्रक काढा. दारय्याचा वेढा नोव्हेंबर 2012 ते ऑगस्ट 2016, आणि अन्नाची पहिली मदत आत पोचली ती जून 2016 मध्ये. जिथे पिठाची मारामार तिथे पुस्तकांचा ट्रक कुठला यायला?

पुस्तकं गावातलीच होती. 2013 च्या अखेरीपासून तिथल्या तरुणांनी ती पडक्या घरांच्या ढिगाऱ्यातून उपसून काढली, पुसली, क्रमांक घातले आणि आत मूळ मालकाचं नाव लिहिलं, माणूस परतला तर त्याची वस्तू त्याला देता यावी म्हणून. संग्रह चौदा-पंधरा हजारांच्या घरात गेला. तुमची कथा खरं तर त्या नावात आहे. मुलाच्या हातातलं पुस्तक शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं तरी आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. तो पान दुमडणार नाही.

आवाज "विसरतो" हेही नको. बॅरल बॉम्ब, म्हणजे स्फोटकं भरलेली पिंपं, हेलिकॉप्टरमधून टाकत, त्यामुळे घरघर आधी ऐकू येते. वाचणारा ओळीवर बोट ठेवून थांबेल, मग तीच ओळ पुन्हा वाचेल.

बारा_व्होल्ट
मेणबत्ती फार सिनेमातली झाली. वीज तोडलेली, जनरेटरला डिझेल महाग, तेव्हा घरात गाडीची बॅटरी आणि एलईडी पट्टी दाखवा. हिशेब असा: 12 व्होल्ट गुणिले 60 अँपिअर-अवर म्हणजे 720 वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर बाद होते, म्हणून वापरायला 360 वॉट-अवर. 5 वॉटची पट्टी त्यावर सत्तर तास चालेल. पण हे नव्या बॅटरीचं गणित. जुनी याच्या निम्मंही देत नाही. शिवाय उजेड फटकन जात नाही, व्होल्टेज उतरेल तशी पट्टी मिणमिणत जाते. आधी बारीक टाइप दिसेनासा होतो, मोठी अक्षरं बराच वेळ वाचता येतात.

अलिफ_बे
सगळ्यात मोठी चूक कुणीच सांगितली नाही. नऊ वर्षांच्या अरबी मुलाला मोठ्यांची कादंबरी सरसर वाचता येणार नाही. अरबीत ऱ्हस्व स्वर अक्षराच्या वर-खाली खुणांनी दाखवतात. मुलांच्या पुस्तकांत त्या असतात, मोठ्यांच्या पुस्तकांत सहसा नसतात. क-त-ब एवढंच छापलेलं असेल तर ते "कतब" म्हणजे "त्याने लिहिलं", की "कुतुब" म्हणजे "पुस्तकं", हे वाक्य कळल्याशिवाय ठरत नाही. त्यात छापील अरबी ही घरातल्या बोलीपेक्षा बरीच वेगळी, आणि ती शिकवणारी शाळाच विस्कळीत.

म्हणून एक तर खुणा असलेलं बालपुस्तक द्या, नाही तर मोठी बहीण मोठ्याने वाचतेय आणि अडल्या जागी बोलीत सांगतेय, असं करा. दुसरं जास्त खरं वाटेल. आणि अरबी पुस्तकाचा कणा उजव्या हाताला येतो. आपले चित्रकार हमखास उलटं काढतात, त्यांना बजावून ठेवा.

पुठ्ठा_आणि_खळ
पुस्तकाच्या तब्येतीबद्दल. ढिगाऱ्यातल्या पुस्तकावर सिमेंटची धूळ असते. ती ओल्या फडक्याने पुसली की चिखल होऊन कागदात बसते. पुस्तक घट्ट मिटून धरायचं आणि कोरड्या मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटकायचं. भिजलेलं असेल तर उभं, पानं पंख्यासारखी किंचित उघडी ठेवून हवेशीर सावलीत वाळवायचं. उन्हात पुठ्ठा वाकतो.

आता कथेला उपयोगी गोष्ट: चित्रांची पुस्तकं बऱ्याचदा गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात. तो भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, सोडवताना चित्रं सोलून निघतात. साध्या कागदावरची कादंबरी सुरकुतते, पण टिकते. म्हणजे मुलांना हवं तेच आधी जातं. पानशेतच्या पुरात भिजलेल्या पुस्तकांनाही हाच नियम.

शनिवारपेठी
बहीण घेतो, ट्रक आणि मेणबत्ती काढतो. कोंढव्यात अरबी बोलणारी कुटुंबं आहेत, त्यांच्या मुलांशी बोलू का?

अलिफ_बे
मुलांशी नको. एखाद्या मोठ्या माणसाला मानधन देऊन खुणांचं एक पान आणि बिनखुणांचं एक पान मोठ्याने वाचून घ्या, वाचणारा कुठे अडखळतो ते टिपा. लढाईबद्दल आपण होऊन विचारू नका. तुमच्या कथेला ते लागतही नाही.