मदत हवी आहे: तीव्र उतारावर सीट आडवी येते. सीट बदलू की नुसतीच खाली करू?

नमस्कार मंडळी,

रस्त्यावर सायकल बरीच वर्षं चालवतोय, डोंगरात मात्र गेल्या दिवाळीपासूनच. साधी हार्डटेल (मागे शॉक नसलेली) आहे, सीटचा दांडा 27.2 मिमीचा, वर-खाली करायला क्विक रिलीज, म्हणजे हातानेच सैल करता येणारी खिटी. राहतो कोथरूडला, त्यामुळे रविवारची सकाळ वेताळ टेकडीची.

आता दुखणं. चढताना थोड्या वेळात नाजूक जागी मुंग्या येतात, मग बधिरपणा. दुकानात सांगितलं तर म्हणाले, "साहेब, जेलची घ्या." घेतली. चांगली गुबगुबीत, 180 मिमी रुंद. पहिले दोन किलोमीटर सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं, पुढे तेच रडगाणं. मग एका मित्राने सीटचं नाक खाली झुकवायला सांगितलं. त्याने चढ सुसह्य झाला, पण उताराची वाट लागली. मुरमाच्या उतारावर बूड मागे न्यायला जावं तर सीटची मागची कड मांडीत घुसते. गेल्या रविवारी ढगळ चड्डी त्या कडेला अडकली, वेळेवर पुढे येता आलं नाही आणि मी सायकलसकट घाणेरीच्या झुडपात! कोपर सोलवटलं ते ठीक, पण फिरायला आलेल्या आजोबांच्या घोळक्याने उचलून उभं केलं ते जास्त लागलं.

सीट अरुंद घेतली तर चढाला त्रास वाढेल का? सीट रुळांवर पुढे सरकवून बघू का? ड्रॉपर (बसल्या बसल्या कळ दाबून सीट खाली-वर करता येते तो दांडा) घ्यायला बायकोची परवानगी अजून नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

मित्राने चढापुरतं बरोबर सांगितलं. 20 टक्क्यांचा चढ म्हणजे साधारण 11 अंश. सपाटीवर सरळ असलेली सीट तिथे नाक वर करून बसते आणि सगळा भार नाजूक भागावर येतो. पण नाक जितकं खाली, तितकी शेपूट वर. उतारावर सीटचं मागचं टोक आधीच उचललेलं असतं, त्यात तुम्ही अजून भर घातलीत. चढ आणि उतार दोन्ही एकाच कोनात बसवायला गेलात तर दोन्हीकडून मार खाल. कोन एकदा लावून विसरायचा, उतारासाठी बदलायची ती उंची.

सीटवर एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा, त्यावर फोनमधली लेव्हल. नाक दोन-तीन अंश खाली, बस्स. चढाची उंची: पायाची आतली लांबी (जांघेपासून जमिनीपर्यंत) गुणिले 0.883, क्रँकच्या मध्यापासून (पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून) सीटच्या माथ्यापर्यंत. तिथून थोडं इकडेतिकडे स्वतःच्या गुडघ्याला विचारून. उतार सुरू व्हायच्या आधी थांबून सीट आठ-दहा सेंटिमीटर खाली. दांड्यावर काळ्या चिकटपट्टीने चढाची खूण करून ठेवा, नाहीतर दर वेळी अंदाजपंचे.

पुढे-मागे सरकवण्याच्या भानगडीत उतारासाठी पडू नका. ते माप गुडघा आणि पॅडल यांच्यातलं आहे. सीट मागे गेली की पायाला उंचीही वाढल्यासारखी लागते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि ती जेल काढा हो! मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि मधला भाग फुगून नेमका नको तिथे दाबतो. खोक्याचा पन्हाळीवाला पुठ्ठा पायरीवर ठेवा, त्यावर पुढे वाकून बसा, दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर अधिक 20-25 मिमी, ही तुमची रुंदी. अरुंद-रुंद हा वाद तिथेच मिटतो. मागच्या कडा गोल आणि गुळगुळीत हव्यात, शिवण बाहेर आलेली नको.

प्रतिसाद

वरच्यांना +१, फक्त एक. सीट अगदी तळाला नेऊ नका. वळणावर मांडीच्या आतल्या बाजूला सीट हलकी लागत असली की सायकल किती कलली ते कळतं. ती पूर्ण गायब झाली तर मला तरी चाचपडल्यासारखं होतं.

अवांतर: सायकलवर बसल्या बसल्या सीट खाली घेण्याची हौस ड्रॉपरच्याही आधीची आहे. 1984 साली अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली होती. क्विक रिलीज सैल करून वजनाने सीट दाबायची, परत हवी तेव्हा स्प्रिंग वर ढकलते. वहिनींना दाखवा, ड्रॉपर घ्यायला किती उशीर झालाय ते पटेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्यावर 118 मिमी आले, म्हणून 143 ची मध्ये खाच असलेली सीट बसवली. पाय 81 सेंटिमीटर, म्हणजे उंची साडे एकाहत्तर. मी दोन सेंटिमीटर वर बसत होतो! चढाला मुंग्या जवळजवळ नाहीत. घसरड्या उतारावर काल मागे गेलो, पुढे आलो, चड्डी शाबूत.

नवीन अडचण: दांडा नऊ सेंटिमीटर खाली गेला की आत टक्कन अडतो. बाटलीच्या स्टँडचे बोल्ट नळीत आलेत. मला अजून तीन हवे आहेत. दांडा 350 मिमीचा, चढाच्या उंचीला 17 सेंटिमीटर आत असतो, किमान खोलीची रेघ खालच्या टोकापासून 10 सेंटिमीटरवर. खालून तीन कापला तर 14 आत राहतील. चालेल ना? की आधी आखूड बोल्ट घालून बघू?