बीटी मारलेले टोमॅटो अळ्यांना घातले तर अळ्या मरतील का?

निफाडचा_पोरगा:
राम राम मंडळी. एक एकर टोमॅटो आहे, पिंपळगावला भाव पडलाय त्यामुळं फुटका-डागी माल बांधावरच सडतोय. घरी साठेक गावरान कोंबड्या, पेंड काही परवडत नाही, म्हणून कोंबड्यांना खाऊ घालायला ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या पाळायला घेतल्यात. पण फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मी प्लॉटवर बीटी (अळ्या मारणाऱ्या जंतूचं औषध) मारतो आणि आता तोच माल अळ्यांना घालायचाय, सगळ्या मेल्या तर? कोंबड्यांना काय होईल का? आई तर आधीच म्हणतेय, असल्या कोंबड्यांची अंडी मी खाणार नाही.

सिन्नरची_सूनबाई:
आईंना विचारा, गावरान कोंबडी उकिरड्यात काय बासुंदी शोधते का 😄

द्राक्षवाला_दिंडोरी:
डब्यावर बीटीची जात बघ आधी. कुर्स्टाकी असेल तर ती पतंगाच्या अळ्यांसाठी. त्यातलं प्रोटीन अळीच्या अल्कलाइन पोटात विरघळतं, आतड्याला चिकटून भोकं पाडतं, अळी खाणं सोडते न दोन-तीन दिवसांत खलास. कोंबडीचं पोट आम्लाचं, तिथं त्याला चिकटायला जागाच नाही. तुझी सोल्जर फ्लाय तर माशी, पतंग नाही. पण इस्रायलेन्सिस लिहिलं असेल तर लांब राहा, ती डासांच्या अळ्यांवर चालते आणि डास-माशी एकाच गोतावळ्यातले. आणि हो, शेजारी कुणी रेशीमवाला असेल तर वारा बघून मार रे बाबा, हा जंतू मुळात १९०१ साली जपानात रेशीमकिडे मरत होते त्यातच सापडला होता.

ओझरकर:
बीटीचं सोडा हो, त्याच पंपात दुसरं काय मिसळता ते सांगा. मी एकदा रासायनिक औषध मारलेला माल न विचार करता टाकला, सकाळी दोन क्रेट अळ्या गार पडलेल्या. तेव्हापासून आधी मूठभर अळ्यांना घालून एक दिवस बघतो मगच बाकीच्यांना. टोमॅटोत नुसतं पाणीच, गव्हाचा कोंडा मिसळल्याशिवाय घालू नका, नाहीतर चिखल होतो, वास सुटतो आणि अळ्या भिंतीवर चढतात. अळ्या काळपट पडून आपोआप बाहेर निघायला लागल्या की समजायचं तयार झाल्या. उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. कॅल्शियम भरपूर असतं, पण मक्याचा भरडा बंद करू नका, अळ्या जोडीला.

निफाडचा_पोरगा:
डबा बघितला, कुर्स्टाकीच आहे. पण मागच्या आठवड्यात थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) दुसरं औषध मारलंय, तो तोडा बाजूला ठेवतो. कोंडा आणतो उद्या. आईला काही सांगत नाही सध्या.