पॅडॉक स्टँडचं चाक फुटलंय, लेथवर करून घेता येईल का?

मिरजकर_आर१५:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे यामाहाची आर१५ बाईक आहे. तिला डबल स्टँड नसतो, म्हणून चेन धुवायला नि ल्यूब करायला मागचा पॅडॉक स्टँड (गाडीचं मागचं चाक उचलून धरणारा) ऑनलाइन मागवला होता. त्याच्या दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकांपैकी डावं चाक बोल्टच्या भोकापासून उभं चिरलंय. गाडी उचलायला गेलं की स्टँड डावीकडे खेचतो आणि स्पूल (मागच्या चाकाजवळ गाडीला लावलेली गोल बोंडं) हुकातून निसटायला बघतो. विकणाऱ्याकडे सुटं चाक नाही, तो पूर्ण स्टँड घ्या म्हणतो. बाकी लोखंड एकदम ठणठणीत आहे हो, भंगारात घालायला जीव होत नाही.

मापं: चाक ५० मिमी व्यास, रुंदी ३१, बोल्ट एम१०. ज्या दोन पट्ट्यांत चाक बसतं त्या ४ मिमी जाड आणि त्यांच्यामधली जागा ३२ मिमी. ट्रॉलीची चाकं बघितली, पण या मापाचं काही सापडलं नाही. कुपवाड एमआयडीसी जवळच आहे. लेथवाल्याला नेमकं काय सांगू?

प्रिंटवाला_पुणे:
थ्रीडी प्रिंट कर ना! साधं सिलिंडर आणि मधे भोक, डिझाईन दहा मिनिटांत होईल. पीएलए प्लॅस्टिक, इनफिल शंभर टक्के म्हणजे आतून पूर्ण भरीव. फाईल मी बनवून देतो.

स्केटर_बॉय:
स्केटबोर्डची पीयू चाकं बघ, ५२ मिमीची सहज मिळतात. बेअरिंगसकट येतात, मस्त फिरतील.

लेथवाले_आप्पा:
मिरजकर, स्टँड टाकू नको. मी इचलकरंजीचा, अख्खं आयुष्य मागाचे सुटे भाग टर्न करण्यात गेलं, त्यात नायलॉनही भरपूर. हे काम टर्नरला चहा प्यायच्या आत होणारं आहे, पण सांगायला नीट पाहिजे. नाहीतर तो तुला नुसतं भोक पाडलेलं गोल लाकूड देईल तसं चाक देईल आणि तेही फुटेल.

आधी जुनं का फुटलं ते बघ. तुझ्या चाकात लोखंडी बुश (भोकात बसणारी नळी) नसणार, मी न बघता सांगतो. बोल्ट थेट प्लॅस्टिकमधून गेलेला. नट आवळला की पट्ट्या चाकाला दाबतात, चाक फिरायचं थांबतं आणि उचलताना फरशीवर घासत जातं. आट्यांच्या धारा भोकाला आतून खात राहतात, तिथूनच चीर सुरू होते. दुसरं म्हणजे माल. फुटलेला तुकडा पाण्यात टाक. तरंगला तर तो नायलॉन नव्हेच, पॉलिथिनसारखं हलकं प्लॅस्टिक आहे. नायलॉन बुडतंय. अजून खात्री पाहिजे तर कोपरा जाळून बघ: नायलॉनला केस जळल्याचा वास येतो, पॉलिथिनला मेणबत्तीचा.

आता माल घेताना कास्ट नायलॉनचा ५५ मिमीचा रॉड माग. दोन चाकं, पार्टिंग (कापून वेगळं करणं) आणि चकमध्ये (लेथच्या जबड्यात) पकडायला लागेल ते धरून १०० मिमी लांबी बास झाली. वजन पाव किलोच्या थोडं वर भरतं. किलोवर विकतात, कटपीस मिळाला तर उत्तम. डेलरिन हे दुसरं कडक प्लॅस्टिकही चालेल, पण महाग पडतं आणि या कामाला त्याची गरज नाही. चाकं दोन्ही नवीन कर, एकाच रॉडमधून, एकाच सेटिंगवर. उजवं जुनं झिजलेलं ठेवून डावं नवीन लावलंस तर स्टँड तिरका तो तिरकाच.

मापं अशी दे. चाक ५० व्यास, रुंदी ३०.५. आत एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बुश: बाहेरून १४, आतून १०.२, लांबी ३१.५. म्हणजे बुश चाकापेक्षा एक मिमी लांब. नट आवळला की पट्ट्या बुशवर टेकतात आणि चाक मोकळं राहतं. सगळी गंमत या एक मिमीत आहे. चाकाचं भोक १४.३ ठेव. दोन्ही कडांना २ मिमीचा चॅम्फर (तिरकी कड) मार म्हणावं, म्हणजे फरशीच्या सांध्यात अडकणार नाही.

रुंदी कमी ठेवायचं अजून एक कारण म्हणजे आपल्याकडचा पाऊस. नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं. घट्ट ठोकून बसवलेल्या नायलॉन बुशचं भोक त्यानं आवळतं, पण मोकळ्या चाकाला तो त्रास नाही, त्याची रुंदी वाढते. आज पट्ट्यांत बरोबर बसवलेलं चाक जुलैत जाम होतं.

टर्नर नवखा असेल तर एवढं सांग: चक फार आवळू नको, नाहीतर सोडल्यावर भोक गोल राहत नाही. टूल धारदार पाहिजे. ड्रिल थोडं थोडं घालून बाहेर काढत जा, आणि शेवटचं माप बोरिंग टूलनं घे. गरम असताना व्हर्निअर लावू नको. नायलॉन स्टीलच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, गार झालं की भोक लहान निघतं, मग टर्नर व्हर्निअरला शिव्या देतो.

प्रिंटवाले, राग मानू नका. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात ठेवलेल्या स्टँडला ते कसं पुरेल? शिवाय हे थरावर थर असतं, झटका बसला की थर सुटतात. गाडी १४० किलोच्या आसपास, मागच्या चाकावर निम्मी धरली तरी स्टँडच्या एकेका चाकावर ३५ किलो येतात, आणि उचलताना धक्का वेगळाच. फिटिंग तपासायला मात्र प्रिंट झकास. पट्ट्यांत बसवून बघायचं आणि मग नायलॉन कापायचं.

स्केटबोर्डच्या बेअरिंगला ८ मिमीचं भोक असतं, तुझा बोल्ट एम१०. आणि हे चाक फिरून फिरून किती फिरणार, गाडी उचलताना वीतभर. तेवढ्याला बेअरिंग कशाला? धूळ आणि चेन क्लीनर जाऊन ते आधी जाम होईल.

प्रिंटवाला_पुणे:
आप्पा, थरांचं म्हणणं मान्य. मिरजकर, फिटिंगसाठी ३०.५ चं प्रिंट करून कुरिअर करतो, पत्ता मेसेज कर.

मिरजकर_आर१५:
आप्पा, पाण्यात टाकलं. तरंगलं! आणि बुश खरंच नाहीये. आता बोल्ट किती लांब घेऊ? जुन्याला पूर्ण लांबीभर आटे आहेत.

लेथवाले_आप्पा:
पूर्ण आट्यांचा घेऊ नको, हाफ थ्रेड घे, ८.८ ग्रेडचा. बुशमध्ये गुळगुळीत भागच यायला पाहिजे. हिशोब कर: वॉशर २, पट्टी ४, बुश ३१.५, पट्टी ४, वॉशर २, झाले ४३.५. एम१० हाफ थ्रेडला २६ मिमी आटे असतात. ६५ लांबीत गुळगुळीत भाग ३९ येतो, म्हणजे बुश पूर्ण झाकला आणि नायलॉक नटाला (आत नायलॉनची कडी असलेल्या) आटेही भरपूर राहिले. ६० घेतलास तर आटे बुशमध्ये शिरतात. ७० घेतलास तर गुळगुळीत भाग ४४ होतो आणि नट टाईट व्हायच्या आधीच आटे संपतात. दुकानात ७० चाच मिळाला तर एक वॉशर जास्त घाल. बुशला ग्रीसचा हात मार, नट आवळ आणि चाक बोटानं फिरवून बघ. फिरलं नाही तर चाकाची बाजू पॉलिश पेपरवर घास, बुश कापू नको.