फर्स्ट इयरचं फिजिक्स: एक तास, एक प्रॅक्टिकल (अनुभव धागा)

माजी प्रॅक्टिकल इन्चार्ज

हिंगणा रोड, वर्धा रोड, काटोल रोड, नागपुरातून कोणत्याही रस्त्यानं बाहेर पडा, इंजिनिअरिंग कॉलेजची बस आडवी येतेच. त्या बसमधल्या प्रत्येकानं पहिल्या वर्षी अप्लाइड फिजिक्स भोगलेलं असतं. भोगलेलंच म्हणतो, कारण मी सव्वीस वर्षं ते भोगायला लावलं आणि आता निवृत्त होऊन घरी बसलोय.

तर हा धागा त्यासाठी. शिकवणाऱ्यांनी लिहा, शिकलेल्यांनी लिहा, लॅब सांभाळणाऱ्यांनी तर लिहाच. कॉलेजचं नाव नको, शिक्षणपद्धतीवर प्रवचन नको. सुरुवात माझ्यापासून करतो.

न्यूटन्स रिंग्ज. काचेच्या पट्टीवर एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर असं भिंग ठेवायचं, वरून सोडियमचा पिवळा उजेड पाडायचा, की मायक्रोस्कोपात काळी-पिवळी कडी दिसतात. कड्यांचे व्यास मोजले आणि भिंगाची वक्रता त्रिज्या ठाऊक असली, की प्रकाशाची तरंगलांबी निघते. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम. ते पोरांना लॅबमध्ये पाय ठेवायच्या आधीच पाठ असतं, कारण सिनियरचं जर्नल हॉस्टेलवर पोचलेलं असतं.

एका वर्षी दिवाळीनंतर एक मुलगी ७०४० घेऊन आली. मी म्हटलं, बॅकलॅश आला असेल, आट्यांत ढिलाई असते, स्क्रू एकाच दिशेनं फिरव, परत रीडिंग घे. पुढच्या आठवड्यात ७०९०. आता मी चिडलो. "सगळ्या बॅचचं बरोबर येतं, तुझंच कसं चुकतं?" ती काही बोलली नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनं कपाटातून स्फेरोमीटर काढला, भिंगाची वक्रता मोजायचं तीन पायांचं उपकरण. पायांमधलं अंतर ४ सेंटीमीटर. भिंगाची त्रिज्या १०० सेंटीमीटर असेल, तर मधला स्क्रू ०.२७ मिलिमीटर वर जायला हवा, म्हणजे चकतीवरचे २७ भाग. तिचे आले २२. मी तिला बाजूला करून स्वतः बसलो. माझेही २२. म्हणजे त्रिज्या १२० च्या आसपास! आदल्या वर्षी तिथलं भिंग फुटलं होतं. बदली आलेलं दुसऱ्या त्रिज्येचं होतं आणि मी ते जुन्याच डबीत घातलं होतं. डबीवर माझ्याच अक्षरात: त्रिज्या १०० सेंमी.

१२० धरून तिचे आकडे परत काढले. ५८६७ आणि ५९०८. त्या टेबलावर दीड वर्षात किती बॅचेस बसून गेल्या असतील, आणि सगळ्यांची उत्तरं ५८९३ च्या आगेमागे. मी प्रत्येकावर सही केलेली. तिच्या जर्नलवर मात्र लाल शाईनं दोनदा 'रिपीट'.

ते खोडलं, सही केली. माफी मागितली नाही. तेव्हा सुचलंच नाही.

तासिका तत्त्वावर

माझ्याकडे दोन कॉलेजं आणि एक स्कूटी. सकाळी वर्धा रोड, दुपारी हिंगणा रोड. जेवढे तास तेवढे पैसे, त्यामुळे मे महिना आमच्यासाठी दोन अर्थांनी तापलेला असतो.

एप्रिलच्या शेवटी लाइट गेली होती. प्रोजेक्टर बंद, पोरं जर्नलनं वारा घेत बसलेली. सेमीकंडक्टर कोण ऐकणार? मी विचारलं, कूलर हवा गार कशी करतो? "पाण्यानं." बरं, मग बादलीतल्या पाण्यानं खोली का गार होत नाही? शांतता. इंजिनिअरिंगला आलेली नागपूरची पोरं, जन्मापासून कूलरसमोर झोपलेली!

लॅबमधून दोन थर्मामीटर आणले. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि व्हरांड्यात वारा घातला. कोरडा ४१ वर, ओला घसरत घसरत २२ ला थांबला. मग फळ्यावर हिशेब. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता हवेतून ओढून घेतं. मोठा कूलर तासाला १० लिटर पाणी पीत असेल, तर झाले साडेसहा किलोवॉटच्या वर. आणि त्याचा पंखा नि पंप मिळून खातात फक्त दोनेकशे वॉट. वर्गात पहिल्यांदाच कोणीतरी "अबे!" म्हणालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण. त्याच्या वडिलांचं कूलरच्या घास बदलायचं नि दुरुस्तीचं काम. "सर, पण गिऱ्हाईक खिडक्या लावून बसते आणि आम्हाले फोन करते, कूलर चालून नाही राहिला. खिडकी उघडा म्हटलं की भांडते." मी त्याला पुढे बोलावून खडू दिला. ओली हवा बाहेर गेली नाही, तर पाणी उडणार कुठे, हे त्यानं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. जुलैत कूलर नुसता चिकचिक का करतो, तेही.

हे सिलॅबसमध्ये नव्हतं. त्या तासाचं बिल मी 'पी-एन जंक्शन डायोड' म्हणून लावलं.

फर्स्ट इयर काढलेला (कसाबसा)

मास्तर लोकांत मी कुठे घुसलो, पण इन्चार्ज सरांनी बोलावलंच आहे तर.

व्हायवा. एक्स्टर्नलनं विचारलं, झेनर डायोड ब्रेकडाउनमध्ये गेला की काय होतं? मी म्हटलं, "खराब होते सर, दुसरा लावा लागते." सर इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, अरे, ब्रेकडाउन म्हणजे बिघाड नव्हे, उलटा करंट वाहू लागणं, झेनर त्यातच तर काम करतो, व्होल्टेज धरून ठेवतो. दहापैकी चार दिले.

थर्ड इयरला प्रोजेक्टमध्ये मी झेनर सिरीज रेझिस्टर न लावता सरळ बॅटरीला जोडला. करंट अडवायला कोणी नाही, वास आला, काळा पडला. दुसरा लावा लागला. सर वाचत असतील तर अजून दोन मार्क द्यायला हरकत नसावी.

माजी प्रॅक्टिकल इन्चार्ज

एक देतो.

फळ्यावर दोन रकाने

मी मुंबईत शिकले, लग्नानंतर नागपूर. पहिल्याच वर्षी वर्गात गडचिरोलीकडचा एक मुलगा होता, दहावीपर्यंत मराठी माध्यम. जून ते सप्टेंबर तो एक शब्द बोलला नाही. ऑक्टोबरात तास संपल्यावर टेबलाशी आला. "मॅडम, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन का?" मला क्षणभर कळेना की तो चेष्टा करतोय की काय. मग लक्षात आलं, हे त्याला दहावीतच नीट कळलेलं होतं. अकरावीपासून तीच गोष्ट दुसऱ्या नावानं समोर येत होती आणि त्याला वाटत होतं की ही नवीनच काहीतरी आहे. दोन-अडीच वर्षं!

त्या दिवसापासून फळ्याच्या उजव्या कडेला दुसरा रकाना. डिस्पर्शन, अपस्करण. इंटरफेरन्स, व्यतिकरण. पोटेन्शियल, विभव. एका सहकाऱ्यानं टोकलं, पेपर इंग्रजीत आहे ना? आहे. पण पेपरच्या आधी डोकं आहे.

मग क्वांटमचा भाग आला. पोटेन्शियल वेल, म्हणजे इलेक्ट्रॉन जिच्यात अडकून पडतो ती जागा. तोच मुलगा, आता जरा धीट झालेला: "मॅडम, म्हणजे विभवाची विहीर?" वर्ग हसला. मी म्हटलं, हो, विहीरच. मी इतकी वर्षं 'वेल' म्हणत होते, पण विहीर कधी डोळ्यांपुढे आली नव्हती, फळ्यावरचे तीन सरळ दांडे फक्त. समीकरण सोडवून सांगितलं की विहिरीतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कधीच शून्य होत नाही. पुन्हा तोच: "मग बादली तळाले टेकत काऊन नाही?"

आता हसायची पाळी कोणाचीच नव्हती. कारण उत्तर मलाही फक्त समीकरणात येत होतं.

पुढच्या तासाला मी दोन मुलींना पुढे बोलावलं आणि एक लांब ओढणी दोन टोकांना धरायला लावली. टोकं हलू द्यायची नाहीत, कारण क्वांटममध्ये इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो आणि विहिरीच्या भिंतीशी ती लाट शून्यच असते. आता मधे लाट बसवा. कमीत कमी काय बसतं? एक फुगा, म्हणजे अर्धी लाट. त्याहून कमी म्हणजे ओढणी सपाट, आणि सपाट म्हणजे विहिरीत इलेक्ट्रॉनच नाही. तो असेल, तर किमान एवढी हालचाल त्याला करावीच लागते. मग मुलींना जवळ सरकवलं, ओढणी निम्म्यावर धरायला सांगितली. तो एकच फुगा टिकवायला त्यांना केवढ्या जोरात हलवावी लागली! विहीर निम्मी केली की तळाची ऊर्जा चौपट होते, हे नंतर सूत्रात काढलं. ओढणीत चौपट होत नाही, तिचा हिशेब वेगळा. तेही सांगून टाकलं, नाहीतर कोणीतरी पेपरात ओढणीच लिहायचं.

त्यानंतर आकडे. एक नॅनोमीटरच्या विहिरीत इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि १० सेंटीमीटरच्या डब्यात १० ग्रॅमची गोटी ठेवली, तर? दशांश चिन्हानंतर ६३ शून्यं, मग ५, इतके ज्यूल. त्यानं ती सगळी शून्यं वहीत लिहून काढली, दोन ओळी लागल्या. "म्हणून बादली टेकते," एवढंच म्हणाला.

सीओ-पीओ पीडित

वरचं सगळं छान आहे. माझा अनुभव कडू आहे.

सीईटीत गणित १०० मार्कांचं, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०. पोरानं अकरावी-बारावीतच हिशेब केलेला असतो, फिजिक्स कमी करा, गणित धरा. तोच मुलगा माझ्यासमोर बसतो. मी त्याला शिकवावं अशी अपेक्षा आहे, पण माझा निम्मा वेळ सीओ-पीओ अटेनमेंटच्या, म्हणजे विषयाची नि कोर्सची ठरवलेली उद्दिष्टं किती गाठली त्याच्या, तक्त्यांत जातो आणि उन्हाळा ज्युनिअर कॉलेजांमध्ये जाऊन 'आमच्याकडे ॲडमिशन घ्या' सांगण्यात. हॉल इफेक्टच्या प्रयोगाचा संच तीन वर्षं बंद पडलाय, त्याची फाइल मात्र अप टू डेट.

एकच गोष्ट नेमानं करतो. २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या आसपास वर्गाला गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात नेतो. सांगतो की रमण १९१० च्या सुमारास इथे नागपुरातच होते, पण फिजिक्ससाठी नाही, सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून. फिजिक्स सवडीनं करायचे. रमण परिणाम १९२८ चा, नोबेल १९३० चं, हे पोरं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. हिशेब खातं म्हटलं की कान टवकारतात. "सर, सरकारी नोकरी सोडली त्यांनी?" हो, सोडली. "काऊन?"

दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच. मला पगार उशिरा झालेल्या महिन्यात उत्तर द्यायला जड जातं.

लॅबवाले काका

मी मास्तर नाही, लॅब अटेंडंट. मुलीनं हा धागा वाचून दाखवला, टाइप तीच करून राहिली.

इन्चार्ज सर, तुमच्या डबीचं वाचलं. आमच्याकडे भिंग बदललं की मी डबीवरचा आकडा खोडतो आणि तारीख टाकतो. त्रिज्या लिहीतच नाही. पोरांनी मोजावी. सुरुवातीला शिव्या देतात.

सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी-लाल दिसतो. आत निऑन असते, ती पहिले पेटते. पिवळा व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. पोरं गुलाबीतच रीडिंग सुरू करतात आणि म्हणतात, काका, रिंगा नाही दिसून राहिल्या. चहा पिऊन या म्हणतो.

जास्त त्रास ग्रेटिंगचा, म्हणजे बारीक रेघा आखलेल्या काचेचा. एका इंचात १५,००० रेघा, आणि त्याच्यावर तर्रीपोहे खाल्लेलं बोट! एका साली ऐन प्रॅक्टिकलच्या टायमाले एक ग्रेटिंग फुटलं, दुसऱ्याचा अर्धा भाग तेलकट. एक पोरगा रडकुंडीला आला. मी त्याले माझी स्टीलची पट्टी दिली, अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांची. लेझर एकदम तिरपा धर, म्हटलं, जवळपास पट्टीला चाटून जाईल असा. समोरच्या भिंतीवर एकावर एक लाल ठिपके उभे राहिले. हे मले एका जुन्या सरांनी दाखवलं होतं. पट्टी इतकी तिरपी केली की रेघा प्रकाशाले फार जवळजवळ दिसतात, असं ते सांगत.

पोरानं भिंतीवरच पेन्सिलीनं ठिपक्यांच्या खुणा केल्या, टेपनं उंची मोजली, तिथंच खाली बसून गणित केलं. साडेसहाशे नॅनोमीटरच्या जवळ आलं, लेझरवर ६५० लिहिलं होतं. तेव्हापासून दर बॅचले मी ते करून दाखवतो, सर रजेवर असले तरी.

खुणा अजून भिंतीवर आहेत. यंदा रंगकाम निघालं आहे. पेंटरले सांगून ठेवलं, खिडकीशेजारची एवढी भिंत सोडून दे.