पुराचा इशारा कर्णबधिर व्यक्तीपर्यंत कसा पोहोचवावा?

प्रश्न (तापीकाठ, जि. जळगाव)
आमचे गाव हतनूर धरणाच्या खाली आहे. बऱ्हाणपूर किंवा विदर्भाकडे जोराचा पाऊस झाला, की आमच्याकडे थेंबही पडलेला नसताना धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले जातात. मग गावात भोंगा वाजतो, दवंडी पिटली जाते. माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. मागच्या पावसाळ्यात सारी गल्ली सामान हलवत होती, आणि ती मागच्या खोलीत भाकरी थापत होती. आता ग्रामपंचायत आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा नव्याने करते आहे. त्यात काय लिहून घ्यावे?

उत्तर १ (निवृत्त ग्रामसेवक, अमळनेर)
दादा, ही मागणी उपकाराची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांना मिळेल अशी व्यवस्था करणे, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणून गावाची यादी तहसीलदारांमार्फत लेखी पाठवा व पोच घ्या. यादी करताना आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना सोबत घ्या, कारण प्रमाणपत्र नसलेली माणसेही त्यांना ठाऊक असतात. मात्र ती फलकावर लावू नका. कोण घरात एकटे असते, हे साऱ्या गावाला कळणे बरे नाही.

उत्तर २ (धुळे)
मणक्याच्या दुखापतीमुळे मी व्हीलचेअर वापरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर आला, तेव्हा शेजारच्या मुलांनी मला पाठीवर घेऊन शाळेत नेले, पण खुर्ची घरातच राहिली. पुढचे तीन दिवस मी एका सतरंजीवर होतो. शौचालयाला पायऱ्या होत्या, म्हणून मी पाणी पिणेच कमी केले. ज्याची लघवी नळीवाटे होते, त्याच्यासाठी हे किती धोक्याचे असते, ते डॉक्टरांनी नंतर समजावले. म्हणून माणसासोबत त्याचे साधनही हलवायचे, असे आराखड्यात स्पष्ट लिहा. निवाऱ्याची शाळा आधी पाहून ठेवा: मतदान केंद्रामुळे उतार बांधलेला असतो, शौचालयाकडे मात्र कोणी पाहिलेले नसते. उचलण्यापूर्वी कुठे धरायचे हे त्या व्यक्तीलाच विचारा, कारण खुर्चीचे हात पुष्कळदा निघणारे असतात आणि धरणाऱ्याच्या हातात येतात. अंध व्यक्तीला ओढू नका. तिला तुमचा कोपर धरू द्या.

उत्तर ३ (शिक्षिका, धडगाव)
आराखडा केवळ पुरापुरता ठेवू नका. कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हे रुग्ण पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले, की त्यांना असह्य वेदना सुरू होतात. मणक्याला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही. उष्णतेच्या लाटेत कोणाच्या घरी जाऊन विचारपूस करायची, ते याच यादीवरून ठरवता येईल.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. काल हे सारे बहिणीला खुणांनी सांगितले. दारावर लुकलुकणारा दिवा लावावा, असे मी सुचवले होते. तिने लगेच नकार दिला: पुराच्या वेळी वीज आधी जाते. दोन शेजारणींची नावे तिने स्वतः लिहून दिली, कारण एक शेतात गेलेली असली, तर दुसरी येईल. रात्री बॅटरी घेऊन यावे आणि खांद्याला हात लावून उठवावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. ग्रामसभेत ते ती स्वतः मांडणार आहे आणि मी तिच्या खुणा बोलून दाखवणार आहे.