गाडगीळांचे सगळ्यात जास्त सायट झालेले पेपर पश्चिम घाटावरचे नाहीतच??

रानभूल: एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पीएचडीसाठी गाइड शोधतोय. वर्गातले सगळे एच-इंडेक्स (पेपर किती आणि ते किती वेळा सायट झाले, म्हणजे दुसऱ्यांनी संदर्भात दिले, यावरनं काढलेला आकडा) बघून याद्या बनवतायत. म्हटलं बघू तरी, म्हणून गूगल स्कॉलरवर (पेपर आणि त्यांची सायटेशन दाखवणारी साइट) पर्यावरण शास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं नाव टाकलं. वर काय येतं तर १९७० चा बॉसर्टबरोबरचा थिअरीचा पेपर, १९९३ चा बर्केस आणि फोल्केबरोबरचा, रामचंद्र गुहांबरोबरचं पुस्तक. आपल्याकडे गाडगीळ म्हटलं की पश्चिम घाटावरच्या त्यांच्या समितीचा अहवालच आठवतो ना? मग हे सायटेशन नक्की मोजतं तरी काय, आणि गाइड निवडताना बघायचं का?

कातळसडा: १९७० चा पेपर हार्वर्डच्या काळातला आहे. प्रश्न असा की जिवाने आपली ताकद वाढीत घालायची की पिल्लं-बिया काढण्यात, आणि काही जीव एकदाच सगळं ओतून मरून का जातात. हा प्रश्न मासेवाल्यालाही लागतो, किडेवाल्यालाही आणि झाडंवाल्यालाही, त्यामुळे जगभरातनं सायटेशन येत राहतात, हजाराच्या कधीच वर गेलीत. उलट १९७६ चा वर्तकांबरोबरचा देवरायांवरचा पेपर घ्या, आपल्याकडे देवराईवर काम करणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो, पण देवराईवर काम करणारी माणसं जगात आहेत किती? आणि गंमत म्हणजे एच-इंडेक्समध्ये तो हजारवाला पेपरसुद्धा एकच धरला जातो. एच ४० म्हणजे किमान ४० वेळा सायट झालेले ४० पेपर, बास.

बाकी एकदाच फुलून मरणारा बांबू पुढे त्यांच्या कामात आलाच. कर्नाटकात १९७५ च्या सुमारास कागद गिरण्या नाममात्र दराने बांबू उचलत होत्या आणि बुरुडांना मिळेना, तेव्हा सरकारने गाडगीळांनाच अभ्यास करायला सांगितलं. गिरणीवाले बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करायचे, कोंभांना जागा मिळावी म्हणून, आणि नेमके तेच उघडे पडलेले कोंभ गुरं खायची. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं! १९९३ चा पेपर स्थानिक लोकांच्या ज्ञानावर आहे, तो असाच हवेतनं नाही आला.

पट्टेरी: मेथड दिली की सायटेशन येतातच. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ घ्या, मुळात इंजिनियर, कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात वाघ मोजले. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, म्हणून कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) कोण परत आला ते ओळखून त्यावरनं घनता काढायची. १९९८ चा निकोल्सबरोबरचा पेपर आज बिबट्यावाला, जग्वारवाला सगळेच देतात. पण बिचारे टॅक्सॉनॉमीवाले, म्हणजे जीव ओळखून त्यांना नावं देणारे! नवीन बेडूक शोधा, नाव द्या, लोक ते नाव आयुष्यभर वापरतील आणि मूळ पेपर संदर्भात टाकणार नाहीत.

घाटमाथा७: अहवालाचं सांगतो. समिती २०१० ची, अहवाल २०११ चा, लोकांसमोर आला २०१२ मध्ये. सरकारी अहवाल, जर्नल नाही, त्यामुळे सायटेशन मोजणाऱ्या स्कोपससारख्या ठिकाणी त्याची वेगळी नोंदच नसते. पण त्याच्यावरनं दुसरी समिती बसली, कस्तुरीरंगन, त्यांनी घाटाचा साधारण ३७ टक्के भागच पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील धरला आणि त्यावर अजून भांडणं चालू आहेत. केरळचा २०१८ चा पूर असो नाहीतर २०२४ चं वायनाड, दर वेळी चॅनेलवाले तोच अहवाल काढतात. हे कुठल्या इंडेक्समध्ये धरणार? आणि नुसती आरती नको बरं का, घाटातल्या बऱ्याच गावांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. ग्रामसभांना विचारून ठरवा असं अहवालातच लिहिलंय, ते गावांपर्यंत पोचलंच नाही धड.

रानभूल: भारी. पण फेलोशिपच्या मुलाखतीत मला नंबरच विचारणार ना शेवटी?

कातळसडा: विचारतील, हो. म्हणून नंबर बघच, फक्त वय बघून. साठीतल्या माणसाचा एच आणि पस्तिशीतल्या माणसाचा एच शेजारी ठेवून काय कळणार. त्यापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. पहिलं नाव विद्यार्थ्याचं लागतं का, वनखात्याची परवानगी सर स्वतः मागे लागून काढतात का तुलाच नागपूरला हेलपाटे घालायला लावतात, आणि फिल्डवर शेवटचे कधी गेले होते.

पट्टेरी: परवानगीचं आधी विचार रे, पावसाळा गेला की वर्ष गेलं.